मऊ लागलं म्हणून

दूध उतू गेलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. आमच्या सासूबाई तर उतू गेलेलं दूध शुभ मानतात. पण त्या दिवशी दूध सांडलं. २०२२चा श्रावण, सकाळचे पावणेसात, दीड लिटरचं पातेलं आणि त्याच्या काठाला लावलेली सांडशी. पातेलं शेगडीवरून वीतभर उचललं आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. सांडशी मी सोडली नाही. बोटांनीच ती सोडली, मला न विचारता. ओटा, शेगडी, खालचे ड्रॉवर, माझी पावलं, सगळीकडे दूध. नशीब, अजून तापायचं होतं.

"किती वेळा सांगितलं, मोठं पातेलं दोन्ही हातांनी धरत जा," असं म्हणत सासूबाई फडकं घेऊन खाली बसल्या. पुसून झाल्यावर मोरीत त्यांनी ते फडकं पिळलं, तेव्हा त्यांचं तोंड जरासं वाकडं झालं. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ लागायला मात्र पुढे सहा-सात महिने गेले.

दुखणं काही त्या सकाळी सुरू झालं नव्हतं. जून महिन्यापासूनच बरणीचं झाकण उघडेना. चहाचा कप उचलताना कळ यायची, भरलेली पिशवी हातात लोंबकळत असताना मात्र फारसं काही नाही. हे मला फार अपमानास्पद वाटायचं. पाच किलो कांदे चालतात आणि कप चालत नाही? घरच्यांनाही ते पटत नसे. "तुझं दुखणं सोयीचं आहे," नवरा गमतीत म्हणाला. मीही हसले, कारण मलाही थोडं तसंच वाटत होतं.

पोळ्यांचं काम लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला होता आणि मला बऱ्यापैकी येणारी एकच गोष्ट विकण्याजोगी होती. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'घडीच्या पोळ्या मिळतील.' पहिल्या दिवशी बारा गेल्या. ऑफिसं परत सुरू झाली तशी ऑर्डर वाढली, कारण डोंबिवलीत सकाळी सातची लोकल गाठणाऱ्या माणसाला डबा साडेसहाला हातात लागतो. दोन वर्षांत बाराच्या एकशे चाळीस झाल्या. चार-सव्वाचार किलो कणीक. साडेतीनला उठून मळायची, चारला पहिली पोळी तव्यावर.

मळण्याचं लोक धरतच नाहीत. पोळ्या म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर लाटणं येतं. पण खरा जोर परातीत लागतो. मुठीने दाबा, गोळा उलटा, मनगट वळवा, पुन्हा दाबा. मग गोळे. मग एकेक गोळा चेपून, तेल लावून, पीठ भुरभुरून घडी घालायची आणि लाटायला घ्यायची. एका पोळीला माझं लाटणं साधारण वीस वेळा पुढे-मागे जातं. म्हणजे एकशे चाळिसांना अठ्ठावीसशे वेळा. हा हिशेब मी तोवर कधी केला नव्हता. मी फक्त पोळ्या मोजायचे, कारण पैसे पोळीचे मिळतात, लाटण्याच्या फेऱ्यांचे नाहीत.

घरगुती उपाय रीतसर झाले. आंबेहळद, रक्तचंदन, निरगुडीच्या पाल्याचा शेक. शेजारच्या काकूंनी नस चढल्याचं निदान करून माझं कोपर तिळाच्या तेलाने असं काही चोळलं की दोन दिवस मला वेणी घालता येईना. 'वात आहे' हे तर येणारा-जाणारा सांगत होता. आपल्याकडे बाईचं दुखणं कळलं नाही की ते वातात जमा होतं.

दूध सांडल्यावर मात्र डॉक्टरकडे गेले. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर अंगठा दाबला, मी ओरडले. मग मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितलं आणि स्वतः ते खाली दाबलं, मी पुन्हा ओरडले. "टेनिस एल्बो," ते म्हणाले. "काय करता आपण?"

"काही नाही, घरीच असते."

हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज आलं! साडेतीनला उठणारी बाई मी, घरच्या किराण्याचं आणि मुलीच्या क्लासचं बघणारी, आणि विचारल्यावर 'काही नाही'. त्यांनी कागदावर इंग्रजीत 'हाउसवाइफ' लिहिलं, गोळ्या दिल्या, हाताला आराम द्या म्हणाले. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला उठले.

सप्टेंबरअखेर त्याच दवाखान्यात मला इंजेक्शन मिळालं. दिवाळी चोवीस ऑक्टोबरला होती आणि फराळाच्या ऑर्डरी घेऊन बसले होते. इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. ते देताना डोळ्यांतून पाणी आलं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी चमत्कार झाला. कळ गायब. कप उचलला, पातेलं उचललं, मुलीला उगाचच हात मिळवून दाखवला. मग जे करायला नको होतं ते सगळं केलं. पोळ्या चालूच होत्या, वर अकरा किलो चकली. ज्यांनी पितळी सोऱ्या दाबला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरची दांडी फिरवताना तळहाताला घट्टा पडतो, आणि भाजणी थोडी घट्ट भिजली असेल तर सगळा पिळा कोपरात जातो. त्या दिवाळीत मला वाटलं, आपण जिंकलो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुखणं परत आलं, आणि पहिल्यापेक्षा चिडून आलं. आता नुसती फणी धरवत नव्हती.

दवाखान्यात पुन्हा गेले तेव्हा दुसऱ्या इंजेक्शनचं बोलणं झालं. पहिलं देताना 'याने दुखणं थांबेल, बरं होणार नाही. हात जपा' एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर मी अकरा किलो चकली केली नसती, असं मला आजही वाटतं. कदाचित केलीही असती. पण निदान माहीत असून केली असती.

त्या महिन्यात मी रात्री जागून वाचायला लागले. उजवा हात उशीवर, मोबाइल डाव्या हातात. बी.ए.नंतर इतकं कशासाठीच वाचलं नव्हतं. २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला होता. टेनिस एल्बोच्या १८५ रुग्णांचे तीन गट. एका गटाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला काहीच नाही, नुसतं सांभाळून राहा आणि वाट बघा. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले शेकडा ९२ बरे, फिजिओवाले ४७, वाट बघणारे ३२. इथवर माझ्या दिवाळीची गोष्ट. वर्षाने मोजलं तर इंजेक्शनवाले ६९, वाट बघणारे ८३, फिजिओवाले ९१. काहीच न करणारी माणसं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या पुढे गेली होती! हे आकडे मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवले.

दुसरी गोष्ट कळली ती माझ्या हळदीच्या लेपांना उद्देशून होती. या आजाराचं वैद्यकीय नाव लॅटरल एपिकॉन्डिलायटिस. '-आयटिस' म्हणजे सूज. नावात सूज आहे, पण दुखण्यात ती बहुधा नसते. १९७९ साली रॉबर्ट निर्शल या अमेरिकन सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्याने ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांबद्दल लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशी जवळजवळ सापडत नव्हत्या. दिसत होते ते विस्कटलेले धागे. स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला आपण कंडरा म्हणतो. ती रोज थोडी उसवते, रात्री थोडी सांधली जाते. सांधण्यापेक्षा उसवणं जास्त झालं की दोरी जाड होते, पण कमकुवत. थोडक्यात, गोधडीला टाके घालायचे होते आणि मी तिला हळद लावत बसले होते.

पण पोळी तर मी तळहाताने लाटते, मग कोपर का? याचं उत्तर हातानेच मिळतं. मनगट पुढे वाकवा आणि मूठ आवळून बघा, आवळली जात नाही. आता मनगट थोडं मागे घ्या. मूठ घट्ट बसते. म्हणजे काहीही पकडायचं झालं की हाताच्या मागच्या बाजूच्या स्नायूंना आधी मनगट मागे धरून ठेवावं लागतं. त्या स्नायूंचा उगम कोपराच्या बाहेरच्या त्या एवढ्याशा उंचवट्यावर असतो. सांडशी, पिळा, सोऱ्या, पेचकस, करवत, रंगाचा ब्रश, सगळ्यांचं ओझं शेवटी तिथे. आणि पिशवीचं कोडंही सुटलं. पिशवी नुसती बोटांना अडकवून लोंबते, मनगट धरून ठेवावं लागत नाही. कप आपण तळहात बाजूला किंवा खाली ठेवून, मनगट आवरून उचलतो. माझं दुखणं सोयीचं नव्हतं, शिस्तीचं होतं.

मराठीत एक म्हण आहे, मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये. गरीब स्वभावाच्या माणसाचा फायदा घेऊ नये, या अर्थाने आपण ती वापरतो. त्या दिवसांत मला ती उलटीकडून दिसायला लागली. खणलं कुणाला हे सगळे विचारतात. खणणाऱ्या कोपराचं काय?

जानेवारीत एक फिजिओथेरपिस्ट मुलगी भेटली. वय असेल सव्वीस-सत्तावीस, क्लिनिक एका खोलीचं, खाली झेरॉक्सचं दुकान. तिनेही विचारलं, "काकू, काय करता?" आणि मी सवयीने "काही नाही, घरीच," म्हटलं. ती लिहायची थांबली. "घरी काय करता?"

"स्वयंपाक... म्हणजे पोळ्यांच्या ऑर्डरी घेते."

"किती?"

"एकशे चाळीस."

"आठवड्याला?"

"रोज."

तिने पेन खाली ठेवलं. "उद्या येताना पोळपाट-लाटणं घेऊन या."

मी घेऊन गेले, कापडी पिशवीत, सोबत डब्यात कणकेचे चार गोळे. जिन्यात झेरॉक्सवाला बघत होता. तिने मला टेबलासमोर उभं केलं आणि लाटायला सांगितलं. स्वतः खाली उकिडवी बसून माझ्या कोपराकडे बघत राहिली. मी इतकी वर्षं लाटत होते, पण माझ्या लाटण्याकडे इतक्या लक्षपूर्वक कुणी पाहिलं नव्हतं. लोक पोळीकडे बघतात, गोल झाली का, फुगली का.

तिला दिसलं ते असं. मी लाटणं मुठीत आवळून धरत होते. कोवळ्या वयात बारीक लाटणं मिळालं, त्याची सवय. घरचा ओटा मला उंच होता, त्यामुळे खांदे वर आणि मनगट कायम मागे मुडपलेलं. तिने सांगितलं, लाटणं पकडूच नका, तळहात उघडे ठेवून त्याच्यावरून सरकवा. जाड लाटणं घ्या. ओट्यापाशी पायाखाली पाट ठेवा. पातेलं उचलताना तळहात वर ठेवा. दर तीस पोळ्यांनी हात मोकळा सोडून दोन मिनिटं दुसरं काही करा. कोपराच्या दोन बोटं खाली बांधायचा एक पट्टा दिला. आणि ऑर्डर साठावर आणा म्हणाली. तो शेवटचा उपाय सगळ्यांत महाग होता.

व्यायाम दिसायला अगदीच फुटकळ. हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर, तळहात खाली, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हाताने उजवा पंजा वर उचलायचा, मग डावा काढून घ्यायचा आणि उजवा सावकाश, पाच मोजत, खाली सोडायचा. वर नेण्यात काही नाही, सगळं काम खाली सोडण्यात. थोडं दुखलं तर चालेल, सहन होण्याइतकं. मी तिला विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "दिवस नाही काकू, महिने." खोटं आश्वासन न देणारी माणसं मला त्या क्षणापासून जास्त आवडायला लागली.

तिनेच मला बर्नार्दिनो रामाझ्झिनीचं नाव सांगितलं. इटलीतल्या मोदेनाचा हा डॉक्टर. १७०० साली त्याने कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवा, तू काय काम करतोस? त्याने लिहिलेला एक किस्सा माझ्या फार जिव्हारी लागला. आयुष्यभर दस्तऐवज लिहिणारा एक माणूस, उजवा हात निकामी झाला तेव्हा तो डाव्याने लिहायला शिकला. मग डावाही गेला. हे मी वाचलं तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यात मोबाइल धरून धरून बारीक ठणका सुरू झालेला होता. मोबाइल ठेवून दिला.

आणि 'टेनिस'? १८७३ साली जर्मनीतल्या रुंगे नावाच्या डॉक्टरने या दुखण्याचं पहिलं वर्णन केलं असं मानतात, आणि ते लिखाण करणाऱ्याच्या हाताबद्दल होतं. दहा वर्षांत इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचं वेड पसरलं, खेळणाऱ्या साहेबांची कोपरं दुखायला लागली, आणि १८८२-८३मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांनी त्याला खेळाचं नाव दिलं. तेच टिकलं. हे दुखणं होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेली नसते. धोबी, सुतार, गवंडी, खाटीक, पोळ्यावाल्या. पण आजाराचं बारसं करताना त्यांना कोण बोलावणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१०च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत, जोर लावून पुन्हा पुन्हा केलेल्या कामामुळे होणारं कोपराचं हे दुखणं स्पष्ट शब्दांत आहे. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या यादीत शिशाची विषबाधा होती, दगडाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस होता, मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. कोपर नव्हतं. असतं तरी माझा ओटा कारखान्यात थोडाच मोडतो.

आता ते राहिलेलं, फडकं पिळताना वाकडं झालेल्या तोंडाचं.

महाराष्ट्रात टेनिस एल्बो हा शब्द घरोघरी पोचला तो सचिनमुळे. २००४चा ऑगस्ट. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आधी हॉलंडमधली स्पर्धा गेली, मग ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या, आणि आमच्या घरात सुतकी वातावरण. सासरे रोज पेपर उघडून सचिनच्या कोपराची आकृती बघायचे, बाण दाखवून शेजाऱ्यांना समजावायचे. बॅट जड आहे, मी पहिल्यापासून सांगतोय. नवरा लोकलमधून नवी माहिती घेऊन यायचा. २००५च्या मे महिन्यात लंडनला ऑपरेशन झालं, तेव्हा सासऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवला. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परत आला आणि ९३ काढले, त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला. मीच रवा भाजत होते, त्या म्हणाल्या होत्या, "तू भाज गं, माझा हात आज भरून आलाय."

ते वाक्य मला सतरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२३मध्ये ऐकू आलं. मी जेवणाच्या टेबलाशी बाटली घेऊन व्यायाम करत होते. सासूबाई समोर भाजी निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "आई, तुमचा हात भरून यायचा तो कुठे?"

त्यांनी मेथीची जुडी ठेवली, उजवा हात पुढे केला आणि डावा अंगठा न चाचपडता नेमका त्या उंचवट्यावर ठेवला. डॉक्टरांनी ठेवला होता तिथे. केसाचाही फरक नाही.

"कधीपासून?"

"हा पोटात होता तेव्हापासून असेल," त्या माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "चाळीत नळावर धुणं असायचं. माझ्या सासूबाईंचं लुगडं नऊवारी, ते ओलं पिळायचं म्हणजे..." त्यांनी हवेत पिळून दाखवलं. तोंड तसंच वाकडं झालं, फडकं पिळताना झालं होतं तसं. "मग पाटा-वरवंटा. मिक्सर पुष्कळ उशिरा आला."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. वात म्हणाले."

ज्या घरात सचिनच्या कोपरातली शीर न् शीर पाठ होती, त्याच घरात, त्याच खोलीत, हेच दुखणं रोज रात्री हळद लावून झोपत होतं. सासरे वाईट नव्हते, नवराही नाही. मीही तिथेच होते, हातात कालथा धरून. सचिनचं कोपर दुखलं तर सामना जायचा. यांचं दुखलं तर शिरा दुसऱ्या हाताने होत होता.

त्या होळीला मी पुरणपोळ्या पन्नासच घेतल्या. एक जुनं गिऱ्हाईक फोनवर चिकाटीने म्हणत राहिलं, "वहिनी, आमच्या वीसने काय होतंय?" मी गोड शब्दांत कोपरापासून नमस्कार केला. कणीक मळायला आता एक यंत्र घेतलं आहे, हप्त्यावर. पट्टा दिवाळीच्या आत सुटला. चकल्या घेत नाही. साठच्या सत्तर झाल्या आहेत, त्यापुढे जात नाही. कळ पूर्ण गेली आहे असं नाही. थंडीत सकाळी पहिले दोन गोळे जपून मळून ती आहे का, ते बघते.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. या वयात काय व्यायाम, असं त्या म्हणाल्या होत्या. फिजिओवाल्या मुलीने घरी येऊन त्यांचा हात बघितला, हलक्यात हलकं वजन द्या म्हणाली. मी पाण्याची छोटी बाटली भरून दिली तर ती त्यांनी परत केली, "प्लॅस्टिक हातात निसटतं." मग डाळीच्या डब्यामागून आपला वेलदोडे कुटायचा छोटा पितळी बत्ता शोधून आणला, पदराने पुसला आणि टेबलावर हात ठेवला. डाव्याने पंजा वर केला, सोडला. बत्ता भसकन खाली आला.

"आई, हळू. पाच मोजत."

"मोजतेय की."

"मोठ्याने मोजा."

"एक," त्या म्हणाल्या, आणि थांबून माझ्याकडे बघितलं. "तू तुझी कणीक बघ. दोन."